त्याचे ३३, माझे ३५

दाढी करताना गाठ हाताला लागली. डाव्या जबड्याखाली, बोराएवढी, दुखतबिखत काही नव्हती, म्हणून मी महिनाभर तिला वळसा घालून दाढी करत राहिलो. शेवटी बायकोचं लक्ष गेलं आणि दुसऱ्या दिवशी मी ईएनटीच्या खुर्चीत. नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घशात, समोर स्क्रीनवर माझाच घसा, ओला गुलाबी, आणि जिभेच्या पार मुळाशी एक खरबरीत उंचवटा. डॉक्टर म्हणाले, "तंबाखू?" नाही म्हटलं. "गुटखा, मावा, मिश्री?" नाही. "पूर्वी कधी?" नाही हो. मग ते बायकोकडे वळले. "खातात का हो हे?"

हा प्रश्न पुढच्या दोन महिन्यांत मला किमान १५ जणांनी विचारला असेल, त्यात एक लिफ्टमन. बायोप्सी झाली, पेट-स्कॅन झाला, आणि रिपोर्टमध्ये आलं की गाठ जिभेच्या मुळाशी, त्यातलंच थोडं मानेत उतरलेलं, आणि कारण एचपीव्ही नावाचा व्हायरस. आपल्याकडे घशाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू हे गणित इतकं पक्कं आहे की मला ऑफिसात तोंड दाखवायची लाज वाटायला लागली होती, सुपारीसुद्धा न खाता.

पण मला हा आजार ओळखीचा होता. कारण अगदी हाच, इथेच, ब्रूस डिकिन्सनला झाला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रूस डिकिन्सन म्हणजे आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक. १९८१ साली बँडमध्ये आला, १९९३ ला सोडून गेला, १९९९ ला परत आला. विमान उडवतो, म्हणजे हौस म्हणून नाही, रीतसर एअरलाइनचा पायलट होता. २०१४ च्या डिसेंबरात त्याला निदान झालं, जिभेच्या मुळाशी गोल्फच्या चेंडूएवढी गाठ आणि मानेत अजून एक. तेव्हा 'द बुक ऑफ सोल्स' नुकता पॅरिसला रेकॉर्ड करून झालेला, म्हणजे ती सगळी गाणी तो घशात गाठ घेऊनच गायलेला. रेडिएशनचे ३३ डोस, सोबत केमो, २०१५ च्या मे महिन्यात सगळं साफ असल्याचा रिपोर्ट. हे सगळं मला तेव्हाच पाठ झालं होतं, एखाद्याला क्रिकेटचे स्कोअर पाठ असतात तसं. आपल्यालाच उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मी गातो. गायचो म्हणा. डोंबिवलीतल्या कॉलेजच्या मुलांचा बँड होता आमचा, १९९६ ते २००१, नाव सांगत नाही कारण नाव भयंकर होतं. ऱ्हिदम हाउसला जाऊन कॅसेटी नुसत्या हातात घेऊन बघायच्या, विकत घ्यायला पैसे जमले की एक, बाकीच्या कोणाकडून तरी कॉपी करून. रंगभवनला आय-रॉक, म्हणजे रॉक बँडांचा महोत्सव, बघायला जायचं आणि येताना शेवटची लोकल चुकवून स्टेशनवरच झोपायचं. आमचा ड्रमर आता एलआयसीत आहे, गिटारवाला कॅनडात, आणि मी एका बँकेच्या बॅक ऑफिसात. पण १ फेब्रुवारी २००८ ला आम्ही चौघंही बीकेसीच्या मैदानात होतो, मेडनचा पूर्ण वर्ल्ड टूर मुंबईपासून सुरू झाला होता तेव्हा, आणि त्यांचं ते बोईंग ७५७ ब्रूसने स्वतः चालवत आणलेलं. शो सुरू होताना ते चर्चिलचं भाषण लावतात, ते लागलं आणि पुढचा पाऊण तास मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुणांनी काम केलं एवढं आठवतं.

तर आता मुद्द्याचं. ब्रूसचा शेवटचा सोलो अल्बम आला होता २००५ साली. त्यानंतर रॉय झी नावाच्या त्याच्या जुन्या गिटारिस्टबरोबर नवा करायचा असं चाललेलं, पण मध्येच एक गाणं मेडननेच उचललं, मग कॅन्सर, मग टूर, मग कोविड. ३० नोव्हेंबर २०२३ ला पहिलं गाणं आलं आणि सांगितलं की पूर्ण अल्बम, 'द मँड्रेक प्रोजेक्ट', १ मार्चला. मी तेव्हा पेट-स्कॅनची वाट बघत होतो. इंजेक्शन देऊन एका खोलीत तासभर गप्प बसवतात, बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, त्या खोलीत बसून मी एकच हिशोब करत होतो, की हा माणूस आता ६५ वर्षांचा आहे, घसा भाजून काढून नऊ वर्षं झालीत, आणि हा परत एकट्याच्या नावावर गाणार आहे, तर तो आवाज नक्की कसा लागतो.

मला प्रेरणाबिरणा नको होती. प्रेरणा मला व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सात वाजता येत होती, सूर्योदयाच्या फोटोसकट. मला पुरावा हवा होता.

ट्रीटमेंट ठरली रेडिएशनचे ३५ डोस, सोमवार ते शुक्रवार, आणि दर आठवड्याला एक केमो. त्याचे ३३, माझे ३५. दोन जास्त, याचा मला उगाच अभिमान वाटला होता सुरुवातीला. पहिलं काम दातांचं. रेडिएशननंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही म्हणून किडलेले दात आधीच काढून टाकतात, माझ्या तीन दाढा एका बैठकीत गेल्या. मग कानांची तपासणी, कारण सिस्प्लॅटिन नावाचं ते केमोचं औषध कानावर जाऊ शकतं. ऑडिओमेट्रीवाली मुलगी म्हणाली, "काका, वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच थोड्या कमी आहेत, फॅक्टरीत काम करता का?" मी म्हटलं नाही, मेटल ऐकतो. ती म्हणाली, "मेटलची फॅक्टरी का?"

मग मास्क. याबद्दल मला कोणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून लिहून ठेवतो. पांढऱ्या प्लॅस्टिकची जाळीदार शीट असते, ती गरम पाण्यात टाकली की मऊ होते आणि मग दोघंजण ती दोन्ही बाजूंनी ताणून तुमच्या तोंडावर, गळ्यावर, खांद्यांवर दाबून बसवतात. पहिल्यांदा गरम टॉवेल ठेवल्यासारखं छान वाटतं. मग ती थंड होत जाते आणि आवळत जाते, नाकाचा आकार, हनुवटीचा आकार, सगळं तिच्यात उतरतं, आणि दहा मिनिटांत दगड. आता रोज हा मुखवटा तुमच्या तोंडावर घालून टेबलाला खिट्ट खिट्ट करून अडकवणार आणि सगळे खोलीबाहेर जाणार. तोंड उघडत नाही, गिळताना हनुवटी जाळीला लागते, हातात एक बझर. पहिल्या दिवशी मी तो दाबला. दुसऱ्या दिवशी नाही दाबला पण दाबायच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवसापासून मी गाणी लावली. डोक्यात.

आतमध्ये एफएम चालू असायचा, नव्वदीची हिंदी गाणी, त्याच्यावरून मनातल्या मनात मेडन लावायचं म्हणजे कसरत होती, पण जमलं. मशीन डोक्याभोवती फिरतं, एक बारीक गुणगुण येते, दुखत काहीच नाही. सगळं मिळून जेमतेम एका मोठ्या गाण्याएवढं. चौथा डोस होता १ फेब्रुवारीला, बीकेसीच्या त्या रात्रीला बरोबर १६ वर्षं. ड्रमरला मेसेज केला तर त्याने मैदानातला तो जुना फोटो पाठवला, चौघंही काळे टीशर्ट, माझं तोंड उघडं. तोंड एवढं मोठं उघडायचं हे बघून मला हेवा वाटला, स्वतःचाच.

दुसऱ्या आठवड्यात चव गेली. जाते म्हणजे हळूहळू नाही जात, एक दिवस चहा प्यायलो तर कोमट पुठ्ठा. तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड, पाणी गिळताना काचा. लाळ घट्ट होते, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार निघते, ती थुंकत राहायची, त्यासाठी एक स्टीलचं भांडं कायम मांडीवर. शिवजयंतीची एक सुट्टी मिळाली तर मला शाळेतल्यासारखा आनंद झाला. त्याच आठवड्यात नाकातून नळी घातली, आणि मग आई आणि बायको दोघी मिळून नाचणीची पेज, मुगाचं वरण, सगळं मलमलच्या फडक्यातून तीनतीनदा गाळून सिरिंजने देणार, २०० मिली, दर दोन तासांनी. आई प्रत्येक वेळी सिरिंज लावताना विचारायची, "मीठ बरोबर आहे का रे?" आणि मग तिच्या लक्षात यायचं. एकदाही न चुकता विचारायची.

आवाजाचं म्हणाल तर चौथ्या आठवड्यात तो बसला आणि नंतर गेलाच. मी पाटीवर लिहून बोलायचो, मुलीची पहिलीची पाटी. गिळण्याच्या व्यायामांची एक थेरपिस्ट होती, ती फार चांगली होती, जिभेचं टोक दातात धरून आवंढा गिळायला लावायची, करून बघा, धडधाकट माणसालाही जमत नाही पटकन. ती म्हणाली की गिळायचं सोडलंत तर ते स्नायू विसरतात, थेंबभर पाणी का होईना रोज तोंडाने गिळा. मी तिला पाटीवर लिहून विचारलं, "गाता येईल?" तिने ते वाचलं आणि म्हणाली, "आधी भात खाऊ या." बाकी एकजण होते, मोठे डॉक्टर, त्यांना हाच प्रश्न बायकोने विचारला तर म्हणाले जीव वाचतोय ते बघा, गाण्याचं काय घेऊन बसलात. बरोबरच होतं त्यांचं. पण मी त्यांच्याकडे परत काही विचारलं नाही.

१ मार्च, शुक्रवार, चोविसावा डोस. अल्बम आला होता मध्यरात्रीच. मला आडवं झोपता येत नव्हतं, लाळ घशात साचून ठसका लागायचा म्हणून हॉलमध्ये आरामखुर्चीत उशा लावून बसून रात्र काढायचो. पहाटे तीनला लावला. हेडफोन लावता येईना कारण मानेची कातडी भाजून काळी पडलेली, पट्टा टेकला तरी आग, म्हणून फोन छातीवर ठेवून, आवाज अगदी बारीक. आणि कानात केमोची देणगी, एक सततची शिट्टी, कुकरची होऊ घातलेली पण होत नसलेली शिट्टी, तिच्यामुळे झांजा सगळ्या तव्यावर पाणी पडल्यासारख्या.

पहिल्या गाण्यात तो आला आणि मी श्वास धरून बसलो, खरंच. मी त्या रात्री गाणी ऐकली नाहीत, घसा ऐकला. कुठे श्वास घेतो, कुठला स्वर उघडा लावतो, कुठे वर जाता जाता बाजूने जातो. त्याने एका मुलाखतीत म्हटलं होतं की रेडिएशननंतर जिभेच्या मागचा आकार बदलला, त्यामुळे काही स्वर वेगळे उच्चारावे लागतात, वरचे सूर मात्र परत आले. मी ते शोधत होतो. आणि सापडलं असं मला वाटलं, वाटलं म्हणतो, कारण स्टुडिओत काय वाट्टेल ते करता येतं हे मलाही कळतं. खालचा आवाज जाड झालाय, थोडी रेती आलीये त्यात, १९९८ च्या 'द केमिकल वेडिंग'मधली ती तलवारीसारखी धार नाही. पण वर जातो तेव्हा जातो. धावत नाही आता, पायरी बघून जातो. घाई नाही. म्हातारा माणूस जिना चढतो तसा, पण चढतो वरपर्यंत.

अल्बम म्हणून प्रामाणिक मत द्यायचं तर दहाच्या दहा गाणी भारी नाहीत. मधली दोनतीन गाणी मला आजही वेगवेगळी आठवत नाहीत, गिटार कुठेकुठे आवाजावर चढून बसते, आणि अल्बमसोबत १२ अंकांचं कॉमिक काढलंय ते मी उघडूनही बघितलं नाही, मला त्यात काही रस नाही. मेडनने उचललेलं ते गाणं इथे त्याच्या मूळ रूपात आहे, जरा वेगळ्या नावाने आणि बासरीसारख्या सुरावटीने सुरू होणारं, मला मेडनचंच जास्त आवडतं. पण शेवटचं, 'सोनाटा'. जवळपास दहा मिनिटं. चाल २५ वर्षांपूर्वीची, कुठेतरी पडून राहिलेली. तो मध्येच गाणं सोडून नुसता बोलतो, कुजबुजतो, मग परत उचलतो, आणि शेवटी एक जागा अशी येते की तो थांबेल असं वाटतं आणि तो थांबत नाही. माझ्या मांडीवरचं भांडं भरलं होतं आणि मला उठवेना. बायको पाणी प्यायला उठली होती, तिने लाईट लावला, म्हणाली "दुखतंय का?" मी पाटीवर लिहिलं "नाही". मग पुसून लिहिलं "दुखतंय. पण ते वेगळं". तिने भांडं बदललं आणि जाऊन झोपली, तिला सकाळी साडेसहाची लोकल होती.

सकाळी मी मशीनवर गेलो तेव्हा टेक्निशियनला खुणेने फोन दिला. तो ब्लूटूथवर जोडायला तयार झाला, भला मुलगा, आणि चोविसावा डोस मी त्या अल्बमवर घेतला. बाहेर आल्यावर म्हणाला, "काका, हे भांडण चाललंय की गाणं?"

१९ मार्चला ३५ पूर्ण झाले. पण सगळ्यात वाईट दिवस नंतरचे दोनतीन आठवडे असतात हे कोणी सांगत नाही, किंवा सांगतात आणि आपण ऐकत नाही. मशीन बंद पण आतलं भाजणं चालूच. धुळवडीला खाली पोरं रंग खेळत होती आणि मी वर खिडकीत नळी लावून. वजन ८१ वरून ६७. मग एप्रिलच्या शेवटी नळी निघाली, पहिला घास मऊ भात, तूप, मेतकूट. मेतकुटाची चव आली नाही, वास आला. आंबट आधी परतलं, खारट मग, गोड अगदी शेवटी, म्हणजे त्या वर्षीचा अख्खा आंब्याचा सीझन मी आंबा खाल्ला तो आठवणीतून खाल्ला.

बोलायला लागलो तर क आणि ग जागेवर नव्हते. क म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकावा लागतो, माझा टेकत नव्हता, काकूला हाक मारली की हाहू. थेरपिस्टने 'काळे राळे गोरे राळे'चा रतीब लावला, दिवसातून दहा वेळा, आणि मुलगी समोर बसून हसून लोळायची. मग आवाजासाठी स्ट्रॉ. ग्लासात अर्धं पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवायची, आणि स्ट्रॉमधून 'ऊ' म्हणायचं, बुडबुडे सारखे यायला हवेत, मध्येच फुटले की परत. २५ वर्षं जो माणूस मेडनच्या किंकाळ्या मारत होता तो मे महिन्यात बाल्कनीत बसून लिंबूपाण्याच्या ग्लासात बुडबुडे काढतोय. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दार वाजवून विचारलं सगळं ठीक आहे ना.

तेव्हा तिकडे ब्रूस ब्राझील करून युरोपात गात फिरत होता. लोकांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ मी बघायचो, फाटका आवाज, हलणारं चित्र, पण स्टुडिओ नाही त्यात, हे महत्त्वाचं. एका ठिकाणी त्याचा वरचा सूर निसटला, चक्क निसटला, आणि त्याने खांदे उडवून पुढची ओळ घेतली. तो तुकडा मी किती वेळा बघितला असेल सांगत नाही.

जूनमध्ये पेट-स्कॅन साफ आला. ड्रमर सुट्टी टाकून आला, त्याच्या घरी त्याचं इलेक्ट्रॉनिक किट आहे, बायकोला आवाज नको म्हणून. मी माईक घेतला. दोन ओळी झाल्या, तिसऱ्या ओळीला तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटली, पाणी प्यायलो, परत. पाण्याची बाटली आता माझ्या अंगाचा भागच झालीये, ती घरी राहिली तर मी स्टेशनवरून परत येतो. खालचा सूर माझाही जाड झालाय. वरचा आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही, एखाद्या दिवशी असतो, एखाद्या दिवशी दार लावून घेतो. ड्रमर म्हणाला एक सूर खाली उतरवून घेऊ सगळं. मी त्याला शिव्या दिल्या. मग उतरवून घेतलं.

सप्टेंबरात गणपती. आमच्या सोसायटीत आरत्यांना 'येई हो विठ्ठले'चा तो लांबलचक 'ये' कोण जास्त धरतो याची दरवर्षी चढाओढ असते आणि गेली १२-१३ वर्षं तो मीच धरायचो, टाळ थांबायचे, लोक हसायला लागायचे तरी माझा चालू. या वेळी मी मागे उभा होतो, बाटली खिशात. आरती तिथे आली आणि सगळ्यांनी वळून बघितलं, म्हणजे आता बघायलाच हवं होतं का. लावला. बरा लागला. अर्ध्यावर कोरड पडली, आवाजाची नुसती हवा झाली, आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक आठवीतला पोरगा, त्याचा आवाज नुकताच फुटलाय, त्याने तो तिथून उचलला आणि पार शेवटपर्यंत नेला. टाळ वाजायला लागले.

प्रसाद घेताना तळमजल्यावरचे काका, ज्यांना कशाचाच पत्ता नसतो, मला म्हणाले, "काय रे, या वर्षी लवकर सोडलास?"

म्हटलं, हो काका, जरा घसा बसलाय.